लेझरने चष्मा घालवणे: रिपोर्ट कसे वाचावेत, दवाखान्यांच्या दरांची तुलना कशी करावी? (पुणे)

सांजवारा

नमस्कार मंडळी. पुण्यात तीन ठिकाणी चौकशी झाली आहे, आकडे देते.

वय २६. उजवा डोळा −५.५०, सिलिंडर −१.२५. डावा −५.००, सिलिंडर −०.७५. दोन वर्षांत नंबर बदललेला नाही. कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची) जाडी उजवीकडे ५१२ आणि डावीकडे ५१६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). टोरिक (सिलिंडरचा नंबर असलेल्या) सॉफ्ट लेन्स नियमित वापरात आहेत, काम दिवसभर स्क्रीनवर.

दोन्ही डोळ्यांचे मिळून दर असे सांगितले:
पहिलीकडे कॉन्टुरा, ९५ हजार.
दुसरीकडे स्माइल प्रो, १ लाख ४५ हजार.
तिसरीकडे ब्लेडलेस लॅसिक, ६५ हजार. त्याच दिवशी बुक केलं तर ५८.

तिन्ही ठिकाणी 'तुम्ही एकदम फिट आहात' असं सांगितलं, आणि प्रत्येकाच्या मते त्यांच्याकडचंच यंत्र सगळ्यात चांगलं. पैशांचा फरक दुपटीहून जास्त आहे. तो नेमका कशाचा? आणि ५१२ जाडीला यातलं काय चालेल?

डोळस

दर थोडा वेळ बाजूला ठेवू. आधी ५१२ चा हिशेब मांडू, कारण यंत्र त्यावरून ठरतं. हा हिशेब कुणालाही कागदावर करता येतो.

मायनस नंबर घालवताना लेझर कॉर्नियाच्या मधल्या भागातली जाडी कमी करतो. किती, याचं ढोबळ सूत्र: झोनच्या, म्हणजे लेझर ज्या गोलात चालतो त्याच्या, व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग भागिले ३, म्हणजे एका डायॉप्टरला (एक नंबराला) लागणारे मायक्रॉन. झोन ६ मिमी असेल तर ३६ ÷ ३ = १२. झोन ६.५ असेल तर ४२.२५ ÷ ३ = साधारण १४. आजची यंत्रं कडेला उतार नीट द्यायला यापेक्षा थोडं जास्तच घेतात, म्हणून हा आकडा कमीत कमी समजा.

तुमचा उजवा डोळा: सगळ्यात जास्त नंबर असलेली रेषा ५.५० + १.२५ = ६.७५. त्याला १४ ने गुणलं की ९५ मायक्रॉन.

लॅसिक किंवा कॉन्टुरा: फेम्टो (कापणाऱ्या) लेझरने केलेला फ्लॅप, म्हणजे वर उचलायचा कॉर्नियाचा पापुद्रा, ११० धरू. ११० + ९५ = २०५. खाली उरले ५१२ − २०५ = ३०७ मायक्रॉन.

जुना नियम सांगतो, खाली २५० तरी राहिलेच पाहिजेत. बरेच सर्जन आता २८० ते ३०० च्या खाली जात नाहीत. त्या हिशेबाने ३०७ पास. पण दुसरा एक नियम आहे: फ्लॅप आणि कापलेला भाग मिळून मूळ जाडीच्या किती टक्के होतात ते पाहायचं. ४० टक्क्यांना पोचलं की पुढे कॉर्निया फुगण्याचा (एक्टेशिया) धोका वाढतो. २०५ भागिले ५१२ म्हणजे बरोबर ४० टक्के. तुम्ही अगदी काठावर आहात. झोन ६.० केला तर ८१ मायक्रॉनच जातील आणि टक्केवारी ३७ वर येईल, पण अंधारात बाहुली मोठी होत असेल तर रात्री दिव्यांभोवती वलयं जास्त दिसतील. 'एकदम फिट' या दोन शब्दांत यातलं काहीच येत नाही.

गोदाकाठ

डोळस, हाच हिशेब स्माइल आणि पीआरकेला कसा?

डोळस

स्माइलमध्ये फ्लॅप नसतो. कॉर्नियाच्या आत भिंगाच्या आकाराची चकती (लेंटिक्यूल) फेम्टो लेझरने कोरतात आणि २ ते ४ मिमीच्या छेदातून ओढून काढतात. वरचं आवरण, म्हणजे कॅप, साधारण ११० ते १३० मायक्रॉनचं. चकती नीट हाताळता यावी म्हणून तिच्या कडेला १० ते १५ मायक्रॉन जास्तीचे ठेवतात. तेवढ्याच नंबरला स्माइलमध्ये लॅसिकपेक्षा जास्त ऊती जाते ती त्यामुळे. या उजव्या डोळ्याला १२० ची कॅप आणि १२० च्या आसपासची चकती धरली तर खाली २७० च्या आगेमागे उरतात.

यावर स्माइलवाल्यांचं उत्तर असं की कॅप जवळपास अखंड राहते, वरचे तंतू तुटत नाहीत, तेव्हा कॅपचाही आधार मोजायला हवा. जैवयांत्रिक दृष्टीने त्यात तथ्य आहे. मात्र स्माइलनंतरही एक्टेशिया झालेल्या केसेस नोंदलेल्या आहेत. 'फ्लॅप नाही म्हणजे पातळ कॉर्नियालाही चालतं' असं कुणी सांगितलं तर खाली किती मायक्रॉन उरणार हे विचाराच.

पीआरके: फ्लॅपही नाही, कॅपही नाही. वरची त्वचा (एपिथेलियम, साधारण ५० मायक्रॉन) काढून थेट लेझर. ती त्वचा पुन्हा उगवते. ५१२ − ५० − ९५ = ३६७. ताकदीच्या दृष्टीने हीच सगळ्यात सुरक्षित. किंमत मोजावी लागते ती दुखण्यात आणि वेळात: तीन-चार दिवस जळजळ, पाणी, उजेड सहन न होणं, नजर स्थिरावायला काही आठवडे ते तीन महिने. ६ च्या वरच्या नंबरला पांढुरकी साय (हेझ) येण्याची शक्यता वाढते, म्हणून ०.०२ टक्के मायटोमायसिन काही सेकंद लावून भरपूर धुतात. पुढचे काही महिने उन्हात चांगला गॉगल लावायलाच हवा.

तंत्रस्नेही

यंत्रांच्या नावांचा गुंता सोडवतो, कारण जाहिराती तिथेच गोंधळ घालतात.

'ब्लेडलेस' किंवा 'फेम्टो' म्हणजे फ्लॅप लेझरने केला. साध्या लॅसिकमध्ये तो मायक्रोकेराटोम नावाच्या पात्याच्या यंत्राने होतो. पात्याचा फ्लॅप बहुधा १३० ते १६० मायक्रॉन, आणि ठरवल्यापेक्षा १५-२० मागेपुढे होऊ शकतो. ५१२ च्या कॉर्नियात ही तफावत परवडणारी नाही. ५८ हजारांचं पॅकेज ब्लेडलेस म्हणूनच लिहून देतात का, ते पाहा.

'कॉन्टुरा' हेसुद्धा लॅसिकच. आधी टॉपोलायझरने कॉर्नियाच्या पृष्ठभागाचा नकाशा काढतात आणि त्यातल्या बारीक उंचसखलपणानुसार एक्सायमर (जाडी कमी करणारा) लेझर चालवतात. फ्लॅप, कोरडेपणा, जाडीचा हिशेब सगळं लॅसिकसारखंच. पृष्ठभाग थोडा ओबडधोबड असेल किंवा सिलिंडर जास्त असेल तिथे त्याचा खरा फायदा. तुमच्या सिलिंडरला फरक पडेल, पण कॉन्टुरा लॅसिकहून 'सुरक्षित' नाही. तेच तंत्र पीआरकेसोबतही वापरता येतं. हे जाहिरातीत क्वचित सांगतात.

'स्माइल' झाइसच्या व्हिजुमॅक्सवर होतं, 'स्माइल प्रो' नव्या व्हिजुमॅक्स ८०० वर. जुन्यावर लेझरला एका डोळ्यामागे २५-३० सेकंद लागतात, नव्यावर १० च्या आत. वेळ कमी म्हणजे मध्येच डोळा हलून त्याला धरून ठेवणारं सक्शन सुटण्याचा धोका कमी. नव्यात केंद्र जुळवायला आणि आडवं झोपल्यावर डोळा जो किंचित फिरतो तो हिशेबात धरायला संगणकाची मदत आहे. सिलिंडर असलेल्यांना ही दुसरी सोय वेगापेक्षा महत्त्वाची. चकती हाताने सोडवून बाहेर काढायचं काम मात्र दोन्हीत सर्जनचंच, आणि ते किती जणांत किती सफाईने केलंय यावर बरंच अवलंबून. याच जातीचं जॉन्सन अँड जॉन्सनचं 'सिल्क' आता भारतात बऱ्याच ठिकाणी आहे.

प्लस नंबर असेल तर अजून तरी मुख्यतः लॅसिकच.

मैत्रेयी_न

आयसीएल (डोळ्याच्या आत बसवायची लेन्स) कुणी सांगितलं नाही का? −६ च्या पुढे आणि पातळ कॉर्निया असेल तर तो पर्याय विचारात घ्यायला हवा.

डोळस

बरोबर. कॉर्नियाला हात न लावता बाहुलीमागे, स्वतःच्या भिंगाच्या पुढे मऊ लेन्स बसवतात. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली निदान २.८ मिमी हवी, आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशींची संख्या वयाला साजेशी हवी. लेन्सचा आकार चुकला की खरी अडचण: फार उंच बसली तर डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जागा (कोन) अरुंद होऊन दाब वाढतो, फार खाली बसली तर मूळ भिंगाला टेकून मोतीबिंदूची भीती. म्हणून माप दोन वेगळ्या यंत्रांवर घेतलेलं बरं. नव्या लेन्सला मधोमध बारीक भोक असतं, त्यातून पाणी वाहत राहतं, त्यामुळे बुबुळाला वेगळं भोक पाडावं लागत नाही. लेन्स काढता येते, हा मोठा फायदा. पण ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्ग क्वचित होतो, झाला तर गंभीर असतो. पेशी आणि दाब दरवर्षी तपासावे लागतात.

खर्च लेझरपेक्षा बराच जास्त, टोरिक असेल तर आणखी. स्वित्झर्लंड-अमेरिकेतल्या कंपनीची लेन्स आणि भारतात बनणारी आयपीसीएल यांच्या किमतीत मोठा फरक असतो, म्हणून कोटेशनवर लेन्सचं नाव लिहून घ्यायचं.

सांजवारा, तुमच्या नंबरला आयसीएल हा पहिला पर्याय नाही. कॉर्नियाच्या नकाशात खोट निघाली तर मात्र तोच उरतो. तुमचा पेंटाकॅम (कॉर्नियाच्या दोन्ही पृष्ठभागांचा आणि जाडीचा स्कॅन) काय म्हणतो?

सांजवारा

पेंटाकॅम दोन ठिकाणी झाला. पण कागद दिला नाही, 'नॉर्मल आहे' असं तोंडी सांगितलं. तिसरीकडे नुसती टॉपोग्राफी (पुढच्या पृष्ठभागाचा नकाशा). मागितले तर देतात का?

हिशेबनीस

देतातच, तुमच्या पैशांनी झालेली तपासणी आहे. रंगीत प्रिंट किंवा पीडीएफ मागा. रुग्णाच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. 'शस्त्रक्रिया इथेच केली तर फाईल देऊ' असं म्हणत असतील तर ते ठिकाण यादीतून काढा.

आता दरांबद्दल. हल्ली पुण्या-मुंबईत दोन्ही डोळ्यांचे मिळून जे आकडे ऐकू येतात ते साधारण असे: पात्याचं लॅसिक किंवा पीआरके ३० ते ५० हजार, फेम्टो लॅसिक ६० ते ९०, कॉन्टुरा ८० ते १ लाख १०, स्माइल १ लाख ते १ लाख ३०, स्माइल प्रो १ लाख २५ ते १ लाख ६०. ट्रस्टच्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत यापेक्षा कमी पडतं. तिथे यंत्र कोणतं आणि तारीख कधीची ते फोनवर आधी विचारा. शंकर नेत्रालय (चेन्नई), अरविंद (मदुराई, कोइम्बतूर), एल. व्ही. प्रसाद (हैदराबाद) इथेही रिफ्रॅक्टिव्ह (चष्मा घालवण्याचे) विभाग आहेत. सोलापूर-नांदेडकडच्यांना हैदराबाद तसंही जवळ. पण प्रवास आणि राहण्याचा खर्च, पुन्हा तपासणीच्या फेऱ्या धरून बेरीज करा.

फरक कशाचा? यंत्राची किंमत काही कोटींत, वार्षिक देखभाल करार वेगळा. शिवाय फेम्टो आणि स्माइलमध्ये प्रत्येक डोळ्याला एकदाच वापरायचा कोन (डोळ्यावर टेकवायचा शंकूच्या आकाराचा भाग) लागतो आणि कंपनीचं प्रति-डोळा शुल्क असतं. स्माइल महाग आहे ते बऱ्याच अंशी या कारणाने. डोळ्याला जास्त बरं म्हणून महाग, असं नाही.

कोटेशन मागताना एवढं लिहून घ्या, मगच तिन्ही आकडे शेजारी ठेवता येतील. रक्कम एका डोळ्याची की दोन्हींची. आधीच्या तपासण्या धरून की वेगळ्या, आणि शस्त्रक्रिया केली नाही तर तपासणीचे किती. औषधं आणि संरक्षक गॉगल आत की बाहेर. पुढच्या तपासण्या किती महिने फुकट. नंबर थोडा उरला किंवा परत आला तर दुसऱ्यांदा लेझर (एनहान्समेंट) फुकट की नाही, किती वर्षांपर्यंत, आणि त्यात फेम्टोचा कोन धरला आहे का. 'आजीवन मोफत' लिहितात आणि खाली बारीक अक्षरात 'दरवर्षी आमच्याकडे तपासणी केली असेल तरच' असं असतं. शेवटचं, सर्जनचं नाव. साखळी दवाखान्यात तपासणारे एक आणि शस्त्रक्रिया करणारे दुसरे असू शकतात. ज्यांचा हात लागणार त्यांच्याशी आधी बोलणं झालंच पाहिजे.

त्याच दिवशी बुकिंगच्या ७ हजारांच्या सवलतीसाठी निर्णय घेऊ नका. पुढच्या महिन्यात त्याहून मोठी सवलत बहुधा असतेच.

भटकी_चिमणी

मेडिक्लेममधून मिळतं का?

हिशेबनीस

विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित अपवादांमध्ये १५ क्रमांकाचा अपवाद आहे: ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबरची दुरुस्ती वगळलेली. म्हणजे सांजवारा यांच्या नंबरला वैयक्तिक पॉलिसीतून मिळणार नाही. ७.५ किंवा त्याहून जास्त असेल तर दावा करता येतो, पण पॉलिसीचा प्रतीक्षा काळ संपलेला हवा, आणि मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यायची. जुन्या चष्म्यांची चिठ्ठी, थेंब घालून काढलेला नंबर आणि सर्जनचं पत्र सोबत लागतं. एका डोळ्याला ८ आणि दुसऱ्याला ६ असेल तर एकाच डोळ्याचे मिळण्याची शक्यता. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत अटी वेगळ्या असू शकतात, एचआरकडून शब्दशः मजकूर मागा.

नो-कॉस्ट ईएमआय घेणार असाल तर प्रक्रिया शुल्क विचारा, आणि रोख दिल्यावर किती कमी होतात तेही. व्याज बहुतेक तिथेच लपलेलं असतं.

डोळस

पेंटाकॅमचा कागद हातात आला की काय पाहायचं ते लिहितो. डॉक्टरांऐवजी स्वतः निर्णय घ्यायला नव्हे, योग्य प्रश्न विचारता यावेत म्हणून.

एक पान 'बेलिन-अँब्रोसिओ' नावाचं असतं. त्यात खाली डी किंवा बॅड-डी असा एकत्रित आकडा असतो. १.६ च्या आत असेल तर ठीक. १.६ ते २.६ पिवळा, म्हणजे संशय. त्यापुढे लाल. पिवळा म्हणजे आजार नव्हे, पण पिवळ्यावर लॅसिक करायचं असेल तर सर्जनने कारण सांगायला हवं.

मग सगळ्यात पातळ बिंदूची जाडी, मध्यावरची नव्हे. दोन्हींत बराच फरक असेल, किंवा पातळ बिंदू खाली-बाहेर सरकलेला असेल तर विचारा. जाडीचा हिशेब पातळ बिंदूवरूनच करायचा.

वक्रतेचा नकाशा: खालचा अर्धा भाग वरच्यापेक्षा १.४ डायॉप्टरहून जास्त तीव्र असेल तर खूण लक्षात ठेवा. मध्यावरची वक्रता ४७.२ च्या पुढे असेल तरीही. मागच्या पृष्ठभागाचा उंचवटा खूप महत्त्वाचा, कारण केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) सुरुवात पुष्कळदा तिथे दिसते आणि नुसत्या साध्या टॉपोग्राफीत ती दिसत नाही. तिसऱ्या ठिकाणी फक्त टॉपोग्राफी करून 'फिट' म्हटलं, ते अपुरं आहे.

शेवटी सपाटपणा. एका डायॉप्टरमागे कॉर्निया साधारण ०.८ ने सपाट होतो. तुमची वक्रता ४३.५ असेल तर उजवीकडे जवळपास ५ जाऊन ३८.५ उरेल, चालेल. ३५ च्या खाली गेलं तर नजरेचा दर्जा घसरतो.

घरात कुणाला केराटोकोनस असेल, किंवा डोळे चोळायची सवय असेल, तर सगळे आकडे बरे असूनही डॉक्टरांना सांगा. ॲलर्जीमुळे चोळण्याची सवय आधी औषधाने थांबवायची, मग शस्त्रक्रियेचा विचार.

गोदाकाठ

यात कोरडेपणा राहिला. स्क्रीनवर काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

लॅसिकचा फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा जवळपास गोलाकार तुटतात. अश्रू तयार व्हायला ज्या संवेदनेची गरज असते ती कमी होते, पापणी कमी मिटते, आणि डोळा कोरडा पडतो. नसा परत वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. स्माइलमध्ये छेद छोटा, म्हणून नसा कमी तुटतात आणि सुरुवातीचे काही महिने कोरडेपणा कमी असतो. सांजवारा यांनी जास्त पैसे देण्याचं कारण शोधायचं तर हे खरं कारण आहे.

त्याआधी मोजून घ्या. शर्मर चाचणीत कागदाची पट्टी पापणीत ५ मिनिटं ठेवतात: १० मिमीच्या वर ओली झाली तर ठीक, ५ च्या खाली म्हणजे कोरडा डोळा. टीबीयूटी म्हणजे अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो, १० च्या वर हवा. कमी असेल तर शस्त्रक्रिया लगेच रद्द होत नाही. पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी बुजल्या असतील तर रोज गरम शेक ८-१० मिनिटं, हलका मसाज आणि परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले थेंब, असं सहा-आठ आठवडे करून पुन्हा मोजायचं. संधिवात, शोग्रेन, ल्यूपस असा (शरीर स्वतःवरच उलटण्याचा) आजार असेल तर आधी त्या डॉक्टरांचं मत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते थांबवून सहा महिने थांबा, असं बहुतेक सर्जन सांगतात. गरोदरपण आणि अंगावर पाजण्याच्या काळात नंबर हलतो, तेव्हा करूच नका.

मैत्रेयी_न

थेंब घालून बाहुली मोठी करून नंबर काढला का, हेही विचारा. पंचविशीत डोळ्याचा स्नायू ताण देऊन मायनस वाढवून दाखवू शकतो. तो जास्तीचा नंबर लेझरने काढला की माणूस प्लसमध्ये जातो आणि जवळचं वाचताना डोकं दुखतं. त्याच वेळी डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) कडेपर्यंत तपासून घेता येतो. −५ च्या पुढे लॅटिस (पडद्याचे पातळ झालेले पट्टे) किंवा बारीक छिद्रं सापडतात. सापडली तर आधी पडद्याला बॅराज लेझर (त्या जागेभोवती कुंपण घालणारा), मग काही आठवडे थांबून चष्म्याचं. त्याचं बिल वेगळं.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते: नंबर गेला तरी डोळा लांबच राहतो. पडदा सुटण्याचा धोका होता तेवढाच राहतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासणं चालू ठेवा. अचानक काळे ठिपके, चमक किंवा पडदा सरकल्यासारखी सावली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितो. इकडे एका डोळ्याचे दोन ते अडीच हजार डॉलर सांगतात, म्हणून बरेच जण पुण्याला जाताना हे उरकायचं ठरवतात. दोन आठवड्यांच्या सुट्टीत शक्य आहे का?

डोळस

लॅसिक किंवा स्माइल शक्य आहे, वेळापत्रक घट्ट धरलं तर. लेन्स भारतात येण्याआधीच बंद करा: साध्या सॉफ्ट निदान एक आठवडा, टोरिक दोन, कडक लेन्स तीन ते चार आठवडे. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी, तीन-चार दिवसांत शस्त्रक्रिया, मग पहिल्या दिवसाची आणि आठवड्याची तपासणी इथेच. महिन्याची आणि तीन महिन्यांची तपासणी तिकडे कोण करणार, हे तिकिटाआधी ठरवा. दुसऱ्याने केलेल्या डोळ्याची जबाबदारी घ्यायला तिकडचे बरेच डॉक्टर नाखूश असतात. दुसऱ्यांदा लेझर लागलं तर मोफत एनहान्समेंटसाठी परत यावं लागेल, ती तिकिटाची रक्कमही बेरजेत घ्या.

पीआरके दोन आठवड्यांच्या सुट्टीत करू नका. त्यात स्टेरॉइडचे थेंब दोन-तीन महिने कमी करत जायचे असतात आणि मधून मधून दाब मोजावा लागतो. लेझरनंतर कॉर्निया पातळ झाल्याने दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, त्यामुळे अनोळखी डॉक्टरला आधीचे आकडे दाखवले नाहीत तर स्टेरॉइडने वाढलेला दाब नजरेतून सुटू शकतो.

शिलेदार

माझ्या भावाला हवाई दलात अधिकारी म्हणून जायचं आहे. नंबर −३. आता लॅसिक केलं तर चालेल?

तंत्रस्नेही

भरतीची ताजी जाहिरात शब्दशः वाचा, शाखेनुसार नियम वेगळे. हवाई दलाच्या निकषांत अशा अटी येतात: शस्त्रक्रिया वयाची २० वर्षं पूर्ण होण्याआधी झालेली नसावी, होऊन १२ महिने उलटलेले असावेत, उरलेली जाडी ४५० मायक्रॉनच्या खाली नसावी, डोळ्याची लांबी २५.५ मिमीपेक्षा जास्त नसावी, आधीचा नंबर ६ च्या वर नसावा. −३ असेल तर लांबी आधी मोजून घ्या, कारण ती लेझरने बदलत नाही. शस्त्रक्रियेआधीचे सगळे कागद जपून ठेवा, तिथे मागतात.

रेल्वेत सहाय्यक लोको पायलटसाठी मात्र लॅसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो. तो पर्याय मनात असेल तर लेझर करू नये.

सांजवारा

दोन्ही कागद मिळाले, सगळ्यांचे आभार. उजव्या डोळ्याचा डी आकडा एकीकडे १.७२, दुसरीकडे १.४८. डावा दोन्हीकडे १.३ च्या आसपास. पातळ बिंदू उजवीकडे ५०६. शर्मर ८ आणि ९ मिमी. एकाच डोळ्याचे दोन आकडे कसे? आणि आता हे रद्दच का?

डोळस

रद्द नाही, पण आज तारीख घेऊ नका. पहिला प्रश्न: स्कॅनच्या आधी लेन्स किती दिवस बंद होत्या?

सांजवारा

१.७२ आला तिथे आदल्या दिवशीपर्यंत घातलेल्या होत्या. दुसरीकडे चार दिवस बंद.

डोळस

मग दोन्ही स्कॅन निर्णयासाठी निरुपयोगी. टोरिक लेन्सच्या वजनाने आणि दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, खाली तीव्र झाल्यासारखा दिसू शकतो, आणि कोरडा पृष्ठभाग नकाशा आणखी बिघडवतो. पूर्ण दोन आठवडे लेन्स बंद, चष्माच. स्कॅनच्या आधी दोन-तीन वेळा पापण्या मिटून मग यंत्रावर. प्रिंटवर गुणवत्ता 'ओके' लिहिलेली असावी. आठवड्याच्या अंतराने दोनदा स्कॅन करा, आकडे जुळले तरच विश्वास ठेवा.

५०६ धरून हिशेबही पुन्हा: २०५ भागिले ५०६, साडेचाळीस टक्के. म्हणजे उजव्या डोळ्याला ११० च्या फ्लॅपचं लॅसिक आणि कॉन्टुरा माझ्या मते बादच. ते ६५ हजारांत असो की ९५ मध्ये. नवे स्कॅन १.६ च्या आत आले तर पीआरके (हवं तर टॉपोग्राफीनुसार), किंवा खाली किती उरणार हे लिहून घेऊन स्माइल. १.६ च्या वर स्थिर राहिले तर कॉर्व्हिस नावाच्या यंत्रावर कॉर्नियाची ताकद मोजून घ्या, एपिथेलियमच्या जाडीचा नकाशा काढा, आणि कॉर्नियाच्या तज्ज्ञांचं स्वतंत्र मत घ्या, ज्यांना यातल्या कुठल्याच यंत्राचा धंदा नाही अशांचं. तेव्हा आयसीएल किंवा चष्मा, दोन्ही सन्मानाचे पर्याय आहेत.

गोदाकाठ

शर्मर ८-९ आहे, तर हे दोन आठवडे वाया घालवू नका. शेक आणि थेंब आजच सुरू करा.

भटकी_चिमणी

पीआरके ठरलं तर ऑफिसला किती सुट्टी धरायची? आणि दुचाकी?

मैत्रेयी_न

गुरुवारी-शुक्रवारी करतात, कामाला निदान एक आठवडा नाही, स्क्रीनचं बारीक काम दहा-बारा दिवसांनी. पट्टीची लेन्स (जखम झाकायला डोळ्यावर ठेवलेली) तिसऱ्या ते पाचव्या दिवशी काढतात. ती डॉक्टरच काढतात, निसटली तर स्वतः परत घालायची नाही. दुचाकी नजर कागदावर मोजून डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच, आणि बंद गॉगल लावून. पुण्याची धूळ पाहता महिनाभर चारचाकी किंवा बस बरी. पोहणं महिनाभर बंद. गणपतीच्या मिरवणुकीचा गुलाल आणि रंगपंचमी त्या काळात येत असेल तर तारीखच पुढे ढकला.

त्या दिवशी अत्तर, डिओ, मेकअप काही नाही. वाफेने लेझरच्या प्रकाशावर परिणाम होतो. थेंबांचं वेळापत्रक भिंतीवर लावा: प्रतिजैविक दिवसातून चार वेळा आठवडाभर, स्टेरॉइड ठरवल्याप्रमाणे कमी करत, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं. दुखतं म्हणून बधिर करणारे थेंब घरी वापरायचे नाहीत, त्याने जखम भरत नाही. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढलं, लाली किंवा पांढरा ठिपका दिसला, नजर घटली, तर रात्र असली तरी फोन करा. दवाखान्याचा तो रात्रीचा नंबर आधीच लावून बघा, उचलतात का.

सांजवारा

लेन्स बंद केल्या, शेक सुरू. ५८ हजारांच्या ठिकाणी 'आत्ता नको' असं कळवलं. दोन आठवड्यांनी जिथे पेंटाकॅम आणि कॉर्व्हिस दोन्ही आहेत तिथे फक्त तपासणीची वेळ घेतली आहे, शस्त्रक्रियेची नाही. नवे आकडे आले की इथेच टाकते.

हिशेबनीस

तपासणीची पावती 'फक्त तपासणी' अशीच घ्या, पॅकेजचा ॲडव्हान्स म्हणून नको. आणि नवे-जुने सगळे प्रिंट एका फाईलमध्ये ठेवा. तीस वर्षांनी मोतीबिंदू होईल तेव्हा भिंगाचा नंबर काढायला लेझरआधीची वक्रता आणि नंबर लागतो, आणि तोवर दवाखान्याच्या संगणकात ते असेलच असं नाही.